क्रेडिट कार्ड कधी फायद्याचं, कधी तोट्याचं: गोव्यातल्या कमाईच्या हिशोबाने टप्प्याटप्प्याने

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही सगळ्यावर कार्डाच्या ऑफर लागतात आणि घराघरात एकच चर्चा सुरू होते, कार्डावर घेऊया काय. बहुतेक लोक आधी ऑफर बघतात, मग कार्ड काढतात, मग खरेदी करतात आणि बिल आल्यावर पैशांचा विचार करतात. हा क्रमच उलटा आहे आणि नुकसान इथूनच सुरू होतं. आधी पैसा कधी येतो ते बघायचं, मग बिलाची तारीख त्याला जुळवायची, मग कार्ड, आणि ऑफर सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिलेत, तर कृपया मधला एखादा सोडून पुढे उडी मारू नका.

## टप्पा १: आपला पैसा कधी येतो ते कागदावर लिहा

गोव्यात हे जास्त महत्त्वाचं आहे कारण इथे सगळ्यांची कमाई महिन्याला सारखी नसते. सरकारी नोकरी, बँक, फार्मा कंपनी असेल तर पगाराची तारीख ठरलेली, त्यांचं काम सोपं. पण शॅक, गेस्ट हाऊस, टॅक्सी, भाड्याच्या स्कूटर, वॉटर स्पोर्ट्स यांचा पैसा ऑक्टोबर ते मे मध्ये येतो आणि जून ते सप्टेंबर हात आखडतो. आता खर्च बघा: मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, भरणी आणि पावसाआधी छपराची दुरुस्ती, जूनमध्ये मुलांच्या फिया आणि पुस्तकं, मग ऑगस्ट-सप्टेंबरात चवथ. म्हणजे वर्षातले मोठे खर्च बरोबर कमाई आटायच्या तोंडावर किंवा कमाई नसलेल्या महिन्यात येतात, आणि नेमकं तेव्हाच कार्ड हातात घ्यावंसं वाटतं.

म्हणून एका कागदावर बारा महिने लिहा, प्रत्येकासमोर अंदाजे किती येतात आणि किती जातात ते टाका. ज्या महिन्यात जाणारे जास्त आहेत त्याच्या आधीच्या दोन महिन्यात कार्डावर मोठी खरेदी करायची नाही, कारण आज केलेल्या खरेदीचं बिल भरायची वेळ साधारण महिना-दीड महिन्याने येते. मे अखेरची खरेदी जुलैमध्ये भरावी लागू शकते आणि जुलैमध्ये धंदा कसा असतो ते किनारपट्टीवर राहणाऱ्यांना सांगायला नको.

जहाजावर असलेल्यांची गोष्ट वेगळी. पैसा चांगला येतो पण कॉन्ट्रॅक्ट संपून घरी आलं की पुढचं मिळेपर्यंत काहीच येत नाही, त्यामुळे त्या सुट्टीच्या महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढलेला पाहिजे, तो कार्डावर ढकलायचा नाही.

तपासा: तीन महिने कमाई बंद झाली तरी घर चालेल एवढे पैसे सेव्हिंग्ज किंवा एफडीमध्ये आहेत का? नसतील तर आधी ते करा. कार्ड थांबू शकतं.

## टप्पा २: दोन तारखा नीट समजून घ्या

लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. एक असते स्टेटमेंटची तारीख, त्या दिवशी मागच्या महिन्याभराचं बिल बनतं. दुसरी असते ड्यू डेट, म्हणजे भरायची शेवटची तारीख, ती साधारण १८ ते २० दिवसांनी येते. 'पन्नास दिवस बिनव्याजी' म्हणतात ते या दोन्ही मिळून, आणि ते प्रत्येक खरेदीला मिळत नाहीत.

समजा स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ तारखेला आणि ड्यू डेट पुढच्या महिन्याच्या २ तारखेला. १३ ऑगस्टला फ्रीज घेतला तर तो १२ सप्टेंबरच्या बिलात येणार आणि २ ऑक्टोबरपर्यंत भरायचा, पूर्ण ५० दिवस मिळाले. तोच फ्रीज ११ सप्टेंबरला घेतला तरी बिल १२ सप्टेंबरचंच आणि भरायचं २ ऑक्टोबरलाच, म्हणजे फक्त २१ दिवस. वस्तू तीच, दुकान तेच, फरक फक्त तारखेचा. म्हणून मोठी खरेदी स्टेटमेंट बनल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायची.

तुमची तारीख पगाराशी जुळत नसेल तर ती बदलून मिळते. बिलिंग सायकल किमान एकदा बदलायची सोय ग्राहकाला द्यायलाच हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पगार १ तारखेला होत असेल तर ड्यू डेट ५ ते ८ च्या मध्ये आणा, पगार आला की आधी बिल गेलं पाहिजे आणि मग बाकीचं.

## टप्पा ३: कार्ड निवडा, पण हावरेपणा नको

पहिलं कार्ड शक्यतो वार्षिक फी नसलेलं घ्या, आणि जिथे पगाराचं किंवा बचत खातं आहे त्याच बँकेचं असेल तर उत्तम. पगाराची स्लिप किंवा आयकर रिटर्न नसेल, म्हणजे टॅक्सीवाले, छोटे दुकानदार, घरून कॅटरिंग करणाऱ्या बाया, तर एफडीवर मिळणारं कार्ड बघा. एफडीचं व्याज चालू राहतं आणि तिच्या रकमेच्या आत लिमिट, म्हणजे कार्डावर खर्च करायची मर्यादा, मिळतं. सीझनवर कमावणाऱ्यांना मी हेच सांगेन, कारण लिमिट आपोआप मर्यादेत राहतं.

विमानतळावर, मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर टेबल लावून बसलेले 'लाइफटाइम फ्री' म्हणतात त्यांना तीन प्रश्न विचारा: फी कायमची माफ की पहिल्या वर्षापुरती, सोबत विमा किंवा मेंबरशिप जोडताय का, आणि विमानतळावरचं लाउंज फुकट मिळायला तीन महिन्यात किती खर्च करावा लागतो. उत्तर कागदावर किंवा ईमेलवर मिळत नसेल तर सही करू नका. आणि एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीवर, दिसते.

सावधान: न मागता कार्ड पाठवणं किंवा तुमची परवानगी न घेता लिमिट वाढवणं बँकेला नियमाने करता येत नाही. लिमिट वाढवल्याचा मेसेज आला आणि तुम्ही होकार दिलेला नसेल तर लगेच लेखी कळवा.

## टप्पा ४: पहिली खरेदी करायच्या आधी हे सेटिंग

कार्ड हातात आलं की लोक थेट दुकानात जातात. त्याआधी ॲप उघडा आणि या क्रमाने करा:

१. इंटरनॅशनल वापर बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा.

२. टॅप करून पैसे भरायची मर्यादा कमी करा. पिन न टाकता ५,००० पर्यंत जातात, कार्ड हरवलं तर तेवढा धोका आहे.

३. ऑटोपे (बिल खात्यातून आपोआप भरायची सोय) लावा आणि त्यात 'टोटल ड्यू', म्हणजे पूर्ण बिल, निवडलंय याची खात्री करा. बऱ्याच ठिकाणी 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलाचा किमान भाग, असाही पर्याय असतो आणि घाईत तोच दाबला जातो, मग माणूस निवांत राहतो की बिल आपोआप जातंय आणि तिकडे व्याज चढत असतं.

४. दुसऱ्या बँकेच्या खात्यावरून ऑटोपे लावलं असेल तर ते चालू व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिलं बिल हाताने भरा.

५. ड्यू डेटच्या तीन दिवस आधीचा अलार्म फोनमध्ये लावा, ऑटोपे असलं तरी. खात्यात पैसे नसले तर ऑटोपे बाऊन्स होतं आणि दंड दोन्हीकडून बसू शकतो.

जहाजावर जाणाऱ्यांनी ऑटोपे लावल्याशिवाय घर सोडू नये. भर समुद्रात नेट नाही, ओटीपी घरच्या सिमवर, आणि बिल राहून गेलं असं होतं. बाहेरच्या बंदरात कार्ड वापरणार असाल तर फॉरेन करन्सी मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचा जादा आकार, किती ते आधी बघा, अनेक कार्डांवर तो ३.५ टक्के असतो आणि वर जीएसटी. तिथल्या मशीनवर रुपयात भरू का असं विचारलं तर नको म्हणा, तिथल्याच चलनात भरा, नाहीतर रेट दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि मार्कअपही सुटेलच असं नाही.

## टप्पा ५: प्रत्येक खरेदीआधी तीन प्रश्न

पहिला: ही रक्कम आत्ता माझ्या खात्यात आहे का, किंवा ड्यू डेटच्या आधी नक्की येणार आहे का? 'नक्की' म्हणजे पगार, मंजूर झालेलं बिल, मॅच्युअर होणारी एफडी. 'सीझन चांगला गेला तर' हे नक्की नव्हे.

दुसरा: कार्डाने भरल्यामुळे किंमत वाढतेय का? काही दुकानदार कार्डावर दोन टक्के वर मागतात, सोनाराकडे तर हे फार चालतं. रिवॉर्ड एक टक्का मिळतोय आणि दोन टक्के वर जातायत तर यूपीआयने भरा. ॲपवरून घरभाडं कार्डाने भरलं तरी वेगळी फी लागायची, २०२५ मध्ये बऱ्याच ॲपनी ही सोयच बंद केली. पेट्रोलवर साधारण एक टक्का सरचार्ज लागतो, तो अनेक कार्डांवर परत मिळतो पण ठरावीक रकमेच्या मध्ये बिल असेल तरच, आणि त्यावरचा जीएसटी सहसा परत येत नाही. स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल कार्डाने भरण्यात अर्थ नाही.

तिसरा: कार्ड नसतं तर मी हे घेतलं असतं का? याचं उत्तर दुकानात देऊ नका, घरी देऊन मग निघा.

तिन्ही उत्तरं बरोबर असतील तर कार्ड खरंच कामाचं आहे. ऑनलाइन खरेदी, विमान तिकीट आणि हॉटेल बुकिंगमध्ये तर मी डेबिट कार्डापेक्षा क्रेडिट कार्डच वापरा म्हणेन, कारण वाद झाला तर अडकलेला पैसा तुमच्या बचत खात्यातला नसतो, आणि वस्तू आलीच नाही तर बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या खर्चावर हरकत, टाकता येतो. ऑफिसच्या कामाचा प्रवास, ज्याचे पैसे ड्यू डेटच्या आत परत मिळतात, तोही चांगला वापर. हॉस्पिटलात विम्याचं कॅशलेस मंजूर होईपर्यंत डिपॉझिट मागतात तेव्हा कार्ड मोठा आधार असतो, फक्त ते पैसे परत कुठून येणार हे त्याच दिवशी ठरवा. पुढे दोन-तीन वर्षांत घरकर्ज घ्यायचं असेल तर थोडासा नियमित वापर आणि पूर्ण भरणा यातून चांगला क्रेडिट इतिहास तयार होतो.

आणि कॅश? एटीएममधून क्रेडिट कार्डाने पैसे काढायचे नाहीत. साधारण अडीच टक्के फी, तीही किमान ठरलेली, आणि व्याज पहिल्या दिवसापासून, बिनव्याजी दिवस शून्य. माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचं, सामान रोखीनेच मिळतं, तर ती रोख आधी बचत खात्यातून काढून ठेवा.

मित्राला सेलमध्ये फोन घ्यायला आपलं कार्ड देणं हेही टाळा. बिल तुमचं, उशीर झाला तर रिपोर्ट तुमचा खराब, आणि वर्षात कार्डाची बिलं मिळून १० लाख किंवा जास्त भरली गेली तर बँक ती माहिती आयकर खात्याला तुमच्याच नावावर देते.

यूपीआयवरचं क्रेडिट कार्ड: रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि क्यूआरवर चालतं, पण फक्त दुकानदाराला, माणसाला पाठवता येत नाही. सोय आहे खरी, पण चहा, पाव, मासळी, रिचार्ज असे छोटे खर्च दिसत नाहीत आणि महिन्याच्या शेवटी सात-आठ हजार होतात. जोडायचंच असेल तर ॲपमध्ये रोजची मर्यादा टाका.

## टप्पा ६: ईएमआय घ्यायच्या आधी हा हिशोब

'नो कॉस्ट ईएमआय' मध्ये व्याज नाहीसं होत नाही, ते डिस्काउंटच्या रूपाने आधी कमी करून दाखवतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, बऱ्याचदा प्रोसेसिंग फी पण. दुकानात सरळ विचारा: एकदम पैसे दिले तर शेवटची किंमत किती? फोन ईएमआयवर ३०,००० ला आणि रोख २८,५०० ला मिळत असेल तर ईएमआयची किंमत १,५०० अधिक फी अधिक जीएसटी. हा आकडा पटला तर घ्या.

अजून एक जे कोणी सांगत नाही: ईएमआय घेतला की पूर्ण रकमेएवढं लिमिट अडकतं, हप्ता भरत जाल तसं हळूहळू मोकळं होतं. आणि सीझनवाल्यांनी हप्ते जून-सप्टेंबरात पडणार नाहीत असाच कालावधी निवडावा. ऑक्टोबरमध्ये घेतलेला सहा महिन्यांचा हप्ता एप्रिलच्या आसपास संपतो, बारा महिन्यांचा पावसात अडकतो.

## टप्पा ७: बिल आल्यावर

त्याच दिवशी उघडा. आधी टोटल ड्यू बघा, मग एकेक एंट्री, मग विसरलेली सबस्क्रिप्शन आणि न मागितलेला विमा. रिफंड यायचा बाकी असेल तरी बिल पूर्ण भरा, रिफंड नंतर कार्डावर जमा होतोच.

मिनिमम ड्यू म्हणजे फक्त लेट फी टाळायची रक्कम. तिने व्याज थांबत नाही. समजा ४०,००० थकलेत आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, एकूण १,६५२. तुम्ही २,००० भरले तर मूळ रकमेतले गेले फक्त ३४८. वर्षाचं व्याज ४२ टक्के पडतं. वर नवीन खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही बंद, जे घ्याल त्यावर घेतल्या दिवसापासून व्याज, आणि पाच हजार कमी भरले तरी हेच. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३० टक्के व्याजाची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा जुना आदेश रद्द केला, त्यामुळे त्या ३० टक्क्यांच्या भरवशावर कोणी राहू नये.

तपासा: ड्यू डेट चुकली तरी घाबरून बसू नका, लगेच भरा. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँक लेट फी लावू शकते आणि क्रेडिट ब्युरोला (क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेला) थकबाकी कळवू शकते. व्याजाला मात्र ही सूट नाही.

घरकर्ज काढायचं असेल तर बिल लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. एक लाखाचं लिमिट असेल आणि एखाद्या महिन्यात साठ हजार खर्च झाला, तर स्टेटमेंट बनायच्या आधीच थोडे भरून टाका. सिबिलसह चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, तो बघत जा.

## टप्पा ८: अडकलात तर

आधी कार्ड वापरणं बंद, घरातले सगळे मिळून. मग स्वस्त पैशाने महाग कर्ज फेडा: एफडीवरचं कर्ज, बँकेचं सोन्यावरचं कर्ज, नाहीतर पर्सनल लोन, या क्रमाने विचारा, यांचं व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी असतं. एका कार्डाने दुसरं कार्ड भरत बसू नका.

'सेटलमेंट' करून अर्ध्यात मिटवू असं कोणी म्हणालं तर थांबा. रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तोच आडवा येतो. जमत असेल तर पूर्ण रकमेचे हप्ते पाडून घ्या. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, घरच्या माणसांना धमकावणं तर अजिबात चालत नाही, नोंद ठेवा आणि बँकेकडे तक्रार करा.

कार्डावर तुम्ही न केलेली खरेदी दिसली तर क्रम असा: ॲपमधून कार्ड ब्लॉक, १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, बँकेला लेखी तक्रार आणि तिचा नंबर लिहून ठेवा. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही, नंतर ती वाढत जाते. स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही.

## टप्पा ९: कार्ड बंद करताना

कार्ड कापून कचऱ्यात टाकलं म्हणजे बंद झालं नाही, वार्षिक फी पडतच राहते. आधी पॉइंट वापरा, सबस्क्रिप्शन दुसरीकडे हलवा, चालू ईएमआय संपवा, बाकी शून्य करा आणि मगच बंद करायची लेखी विनंती द्या. बाकी शून्य असताना बँकेने ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात. दोन कार्डं असतील तर सगळ्यात जुनं, बिनफीचं असेल ते ठेवा आणि नवीन बंद करा. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून खात्यासमोर 'क्लोज्ड' आलंय का बघा, नसेल तर बंद केल्याचा ईमेल जोडून ब्युरोकडे दुरुस्ती मागा.